बिनगाठीचं पान

ये, बस अशी जवळ. वाचायचं असंल तं मांडी घालून वाच. एका हातात मोबाईल अन् दुसऱ्या हातात चहाचा कप, असं नाही. आधी तुले रागावून घेते, मग सांगते. अकोल्याहून अमरावतीले यायले किती वेळ लागते वं? सकाळच्या एसटीत बसली तं ऊन चढायच्या आत माझ्या दारात. पण नाही. दिवाळीपासून नुसता फोन. अन् फोनवर तरी काय, तं 'आत्या, डेटा लय झाला, वाचून वाचून डोकं भणभणून राहिलं.' डेटा म्हणे. तुझ्या कॉलेजातल्या मॅडमनं कपाटातून काढून जी खोकी तुले दिली, ती मी या दोन हातांनी जिन्यावरून उतरवलेली आहेत. त्यात वह्या आहेत बायांच्या. दिवसभर दुसऱ्याच्या म्हाताऱ्या आईचं हागणं-मुतणं काढून, घरी येऊन, भाजी फोडणीले टाकून मग लिहिलेल्या. एकेका पानाले हळदीचा डाग असंल, पाहून घे.

अन् फोन ठेवता ठेवता तू सहज विचारलं, 'आत्या, यातली जवस कोण असंल वं?'

मी म्हटलं, कुकरची शिट्टी झाली, ठेवते. कुकर लावलाच नव्हता.

म्हणून हे लिहून राहिली. मी आठवीपर्यंत शिकली, पुढचं सारं रद्दीतल्या पुस्तकांनी शिकवलं. शुद्ध 'मला-तुला' मले लिहिता येते. पण आज मी 'मले-तुले'च लिहीन. त्याले कारण आहे, पुढं येईल.

जवसापर्यंत जायचं तं कतरनबाईच्या दारातून जावं लागते. तिचं खरं नाव मी लिहीत नाही. तिलेही आवडलं नसतं. तिनं आयुष्यभर दुसऱ्यांची नावं झाकली. कतरनबाई हे नाव माझ्यासंगं काम करणाऱ्या कमलनं ठेवलं. उंच, काटकुळी, पुण्याकडची बाई. सुती पातळ, पायात मोजे, अमरावतीच्या मे महिन्यातसुद्धा. अन् कमरेले किल्ल्यांचा जुडगा असावा तशी गोफात बांधलेली कात्री. बसली, उठली, की ती कात्री खुर्चीवर टक् करून वाजत असे. जिन्यावर टक्, टक् ऐकू आलं की समजायचं, आली.

आमची संस्था अंथरुणाले खिळलेल्या म्हाताऱ्यांजवळ बसायले घरोघरी बाया पाठवत असे. काळजीताई म्हणत आम्हाले. आंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं, पाठीले जखम होऊ न देणं. अन् संध्याकाळी घरी गेल्यावर 'मनवही' लिहायची. काय काम केलं ते त्यात नाही लिहायचं, त्याची वही वेगळी होती. मनवहीत आज काय वाटलं ते. कमलनं पहिले पंधरा दिवस रोज एकच ओळ लिहिली, 'आज काही वाटलं नाही.' सोळाव्या दिवशी लिहिलं, 'आज वाटलं, पण सांगणार नाही.' कतरनबाईले ही ओळ इतकी आवडली की तिनं ती भिंतीवर चिकटवली. दिवसातून एकदा तरी ती वाचून हसत असे, अन् हसून झालं की तिचे डोळे ओले होत.

ती आली ती या वह्या वाचायले. वाचून त्यातून काय निघते ते लिहायचं, असं तिचं काम. संस्थेनं राजापेठेत एका ट्यूशन क्लासच्या वरची खोली तिले दिली. तोवर माझे गुडघे गेले होते. माणूस उचलणं होईना. तेव्हा संस्थेच्या साहेबांनी मले म्हटलं, तुम्ही वाचता-बिचता, दुपारी वर जाऊन बसा, बाईले आपल्याकडचे शब्द कळत नाहीत, ते सांगा. अशी मी कतरनबाईची शब्द सांगणारी झाली. जवळजवळ वर्षभर.

खोलीत पाय ठेवला अन् पहिल्या दिवशी परत फिरावंसं वाटलं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नायलॉनच्या दोऱ्या. कपडे वाळत घालायच्या. अन् त्यावर चिमट्यांनी लावलेल्या कागदाच्या पट्ट्या. वह्यांच्या झेरॉक्स काढून तिनं वाक्य अन् वाक्य कापलं होतं. एक वाक्य, एक पट्टी. डोक्याले लागत होत्या, खांद्याले लागत होत्या. अन् हवा नाही. खालून पोट्ट्यांचा घोकण्याचा आवाज, बाहेर गाड्यांचे हॉर्न, अन् या खोलीत एक कागद हलत नव्हता. मी पंख्याच्या बटणाकडे हात नेला.

"पंखा नको," ती म्हणाली. "माणसं उडतील."

मले वाटलं चुकून म्हणाली. नाही. ती पट्ट्यांले माणसंच म्हणे.

प्रत्येक पट्टीले ती रंगीत दोऱ्याची गाठ मारत असे. राजापेठेतल्या मॅचिंग सेंटरातून रिळं आणायची. भीतीले लाल, रागाले पिवळा, हसण्याले हिरवा. तू आता कॉम्प्युटरवर जे रंग देते ना वाक्यांले, तेच. पण तिच्या बोटांले दोऱ्याचे चरे पडत. एका वाक्याले तीन-तीन रंग लागले की ती खूश. ज्या वाक्याले एकही रंग लागत नसे त्याच्याजवळ स्टूल घेऊन दोन-दोन दिवस बसे. 'लाजू द्या त्याला थोडं,' असं म्हणे.

नावंही तिनंच दिली होती. वह्यांवरची खरी नावं साहेबांनी आधीच झाकलेली. मग कोणती बाई कोण, हे ओळखायले तिनं आपल्याकडची पिकं घेतली. एक तूर, एक तीळ, एक करडी, एक अंबाडी, एक जवस. कोणाची वही कोणती, हे तिलेही माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायचं नाही, हा तिचा नेम.

दुसरा नेम मोठ्यानं वाचायचा. वही हातात घेतली की पहिली दहा-वीस पानं ती अडखळत, पुणेरी वाचे. मग कधीतरी आवाज फिरत असे. मान कलती होई, स्वर जाड होई, मधे दम लागे. ज्या बाईनं लिहिलं ती बाई बोलून राहिली असं वाटे. कोणाची नक्कल करायची तं त्या बाईले पाहिलेलं तं पाहिजे? तिनं कोणाले पाहिलंच नव्हतं. एकदा कमल काही कागद द्यायले आली. अचलपूरची ती, आवाज खणखणीत, 'र'वर जोर. अर्ध्या जिन्यात थांबली, ऐकलं, अन् कागद पायरीवर ठेवून खाली गेली. संध्याकाळी मले म्हणाली, 'मी खाली होती अन् मीच वर बोलून राहिली होती वं. अन् वरची मी रडून राहिली होती.' त्या खोलीची पायरी ती पुन्हा चढली नाही.

अन् तिसरा नेम कडुनिंबाचा. एखाद्या वहीत म्हातारा-म्हातारी गेली, तं ते शेवटचं पान वाचून झाल्यावर ती उठे, दाराजवळच्या बादलीतल्या पाण्यानं हात-पाय धुवे अन् टेबलावरच्या वाटीतलं निंबाचं एक पान दाताखाली धरे. आपण मौतीवरून आल्यावर करतो तसं. हे तिले मीच सांगितलं होतं, सहज. तिनं धरून ठेवलं. काही दुपारी तीन-तीन वेळा पाय धुवे. तोंड कडूजहर करून चहा पिई.

आता तिची चूक सांगते. तुमच्या पुस्तकात नसंल अशी.

पांढऱ्या दोऱ्याचा एक मोठा ढीग तिनं वेगळा केला होता. एकदा मी विचारलं, हा रंग कशाचा? ती दबक्या आवाजात म्हणाली, हे राहिलेले लोक. मग एकेक पट्टी काढून वाचून दाखवली. 'बाबा मरून राहिले, मी पाणी पाजलं.' 'आजी सकाळपासून मरून राहिली, सून देवाले गेली.' 'आजोबा मरून राहिले पण हात सोडत नाही.' वाचताना तिच्या अंगावर काटा आलेला मी पाहिला. तिचं म्हणणं असं, की या भागातल्या बायांची अशी समजूत दिसते की माणूस मरतो अन् मग राहतो, घरातच, काही दिवस. अन् या बाया इतक्या शांतपणे त्यांना पाणी पाजतात. त्यावर तिनं अख्खं प्रकरण लिहायले घेतलं होतं.

मले आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा मी पदर तोंडात कोंबला. मी म्हटलं, "ताई, मरून राहिले म्हंजे मरत आहेत. चालू आहे अजून. मी लिहून राहिली, तुमी ऐकून राहिल्या, तसं."

ती हसली नाही. खिडकीपाशी गेली, उभी राहिली. मग तो सारा ढीग मांडीवर घेऊन पांढऱ्या गाठी दातानं सोडत बसली. खालचा क्लास सुटला, दुसरा भरला, तरी सोडून राहिली. मले वाईट वाटलं. मी म्हटलं, आता हे दोरे फेकायचे? ती म्हणाली, नाही.

दुसऱ्या दिवसापासून पांढरा दोरा नव्या कामाले लागला. ज्या ज्या वाक्यात 'राहिली', 'राहिला', 'राहिले' येते त्या प्रत्येकाले पांढरी गाठ. तिचं म्हणणं, हा शब्द म्हणजे साक्ष आहे. जे बाईच्या डोळ्यापुढं चालू आहे त्यालेच ती असं लिहिते. मागून ऐकलेलं, ठरवून लिहिलेलं, त्यात हा शब्द येत नाही. पाहता पाहता खोलीभर पांढऱ्या गाठी झाल्या. भर दुपारी, हवा नसलेल्या खोलीत, त्या पांढऱ्या गाठी लटकलेल्या पाहिल्या की मले कोणी माझ्याकडे पाहत असल्यासारखं वाटे.

अन् मले तसं वाटायले कारण होतं. जवस मी आहे.

बस. उठू नको. पुढचं ऐक.

माझ्याकडे एक आजी होती, राजापेठेच्या मागच्या गल्लीत, तळमजल्यावर. अर्धं अंग लुळं. बोलणं गेलेलं, नुसतं 'हं' येत असे. पण त्या एका 'हं'मध्ये सारं होतं. रागाचा 'हं', भुकेचा 'हं', लबाडीचा 'हं'. आठ महिने मी तिच्याजवळ बसली. तिची एकच लेक, अकोल्याले शाळेत मास्तरीण. रोज शाळेच्या मधल्या सुट्टीत फोन करायची. आजीसाठी म्हणून बटणांचा एक मोबाईल घरात ठेवला होता. तो स्वयंपाकघरात फ्रिजवर असे, मी उचलत असे.

त्या दिवशी माझ्या पोरीच्या लग्नाची साडी फॉल-पिकोले दिलेली होती. दुकानदार एक वाजता दुकान बंद करून जेवायले जात असे, अन् संध्याकाळी आम्हाले निघायचं होतं. आजीले भरवलं, कूस बदलली. ती पापण्या मिटून होती. मी म्हटलं, आजी, ही गेली अन् ही आली. बाहेरून कडी लावली. दुकानात गर्दी. पोरगा म्हणे पाच मिनिटं. पाच मिनिटांचा पाऊण तास झाला.

आली तेव्हा आजीचा जीव गेलेला होता. मान दाराकडे होती. डोळे उघडे.

पहिलं मी काय केलं सांगू? साडीची पिशवी पलंगाखाली लपवली. दुसरं, फ्रिजवरचा मोबाईल पाहिला. मिस्ड कॉल नव्हता. मनात आलं, बरं झालं, आज लेकीनं फोन केलाच नाही. असा विचार मी केला, आजीचे डोळे मिटायच्या आधी.

त्या रात्री मनवहीत मी लिहिलं: 'आजी शांतपणे गेल्या. त्यांचा हात माझ्या हातात होता. जाण्यापूर्वी आजींनी दोन घोट पाणी घेतले व माझ्याकडे बघून समाधानाने मान हलवली.'

तेराव्याले लेकीनं ते पान मागून घेतलं. झेरॉक्स काढून, प्लास्टिकमध्ये बसवून, देवाजवळ ठेवलं. येणाऱ्या-जाणाऱ्याले वाचून दाखवायची. 'माझ्या आईजवळ बाई होती,' असं म्हणायची. आता तूच सांग, त्यानंतर मी कोणत्या तोंडानं खरं सांगू?

अन् कतरनबाईच्या खोलीत मोठ्यानं वाचायच्या वह्यांचा ढीग एकेक करून कमी होऊन राहिला होता. तूर झाली. करडी झाली. मी रोज दुपारी जिना चढे अन् आधी पाही, जवस आली का वर.

एका दुपारी आली.

तिनं वाचायले सुरुवात केली. थोडी पानं पुणेरी. मग आवाज फिरला. मी समोर बसून माझाच आवाज ऐकून राहिली होती, बाई. माझा दम लागणं, माझं 'अन्' म्हणताना थांबणं. 'आजी मागून राहिली.' 'आजी खोटं खोटं झोपून राहिली अन् एक डोळा उघडून पाहून राहिली.' मधे एकदा तिनं आजीचा 'हं' म्हटला. तो मी वहीत कुठं लिहिलेला नव्हता. लिहून दाखवता येण्यासारखा तो नव्हताच.

शेवटच्या पानाशी ती थांबली. ते पान माझ्या हातात दिलं. म्हणाली, हे तुम्ही म्हणा.

मी म्हटलं. शांतपणे गेल्या, हात हातात, दोन घोट पाणी.

"पुन्हा म्हणा."

मी पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणताना 'समाधानाने' हा शब्द माझ्या जिभेवर अडकला. आमच्यात कोणी तो बोलतच नाही.

ती म्हणाली, "या पानावर जवस घरात नव्हती."

खाली पोट्टे घोकायचे थांबले होते. मी विचारलं, काहून असं म्हणता? तं तिनं दोरीवरच्या माझ्या साऱ्या पट्ट्यांवरून हात फिरवला. पांढऱ्या गाठी नुसत्या. मग या पानाच्या पट्ट्या दाखवल्या. एकही नाही. "आठ महिने 'आजीनं' लिहिणारी बाई एका दिवसात 'आजींनी' कशी लिहायला लागली? हे कुणाला तरी दाखवण्यासाठी लिहिलंय."

हे कारण, पोरी. खोटं मी शुद्ध भाषेत लिहिलं होतं.

ती म्हणाली, यानंतर एक पान अजून आहे. मी म्हटलं, नाही, वही तिथं संपते. तिनं मूळ वही काढून माझ्यापुढं धरली. पान उलटलं. निळ्या शाईत एकच ओळ.

'आजी दाराकडे पाहून राहिली.'

अक्षर माझं. 'ह'ची शेपटी खाली ओढायची माझी सवय, ती दोन्हीकडे. मी ते लिहिल्याचं मले आठवत नाही. तेव्हाही आठवलं नाही, आजही नाही. त्या ओळीच्या पट्टीले मात्र पांढरी गाठ तिनं आधीच मारून ठेवली होती.

"हे तुमच्या बोलीत वाचू, की माझ्या?" तिनं विचारलं.

तुले समजलं ना? आपल्या बोलीत, आजी दाराकडे पाहत आहे. तिच्या बोलीत, आजीनं दाराकडे पाहिलं, अन् ती तिथंच राहिली.

मी म्हटलं, "ताई, जवस मी."

ती दचकली नाही. म्हणाली, सांगायले नको होतं, मी कुठं लिहिणार नाही. उठली, पाय धुतले, निंबाचं पान घेतलं. एक मलेही दिलं. मग पहिल्यांदा स्वतःचं बोलली. तिची आई पुण्याले वारली तेव्हा ती कॉलेजात वर्गावर होती. आईजवळच्या बाईनं तिले तीन शब्द दिले, 'शांत गेल्या हो.' ते तीन शब्द तिनं वर्षानुवर्षं उलटून पालटून पाहिले. तेव्हापासून ती अशा बायांच्या वह्या वाचत गावोगाव हिंडते. मी म्हटलं, तुम्हाले खरं पाहिजे होतं का? तिनं निंब चावून गिळला. म्हणाली, "ते मला आजही माहीत नाही. पण हवंय का, असं मला कुणी विचारलंच नाही."

तेवढं घेऊन मी दुसऱ्या दिवशी अकोल्याची गाडी धरली.

आजीच्या लेकीनं दार उघडलं, 'मावशी' म्हणून गळ्यातच पडली. देवाजवळ आजीचा फोटो, फोटोले टेकून ते पान. पंख्याचा वारा लागला की प्लास्टिक चमकत होतं. मी पाणी प्याली अन् म्हटलं, बाई, त्या दिवसाचं खरं सांगायचं आहे. तुले नको असंल तं चहा घेऊन जाते, पुन्हा कधी विषय काढणार नाही.

तिनं फोटोकडे पाहिलं. म्हणाली, सांगा.

मी सांगितलं. साडी, फॉल-पिको, बाहेरून कडी, पाऊण तास. पिशवी लपवली तेही सांगितलं. तिच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरून राहिलेलं मी पाहून राहिली. मले वाटलं आता उठंल अन् मारंल. मारायले पाहिजे होतं.

ती हळूच म्हणाली, "मग मावशी, फोन कोणी उचलला?"

मी म्हटलं, कोणता फोन? ती म्हणाली, मधल्या सुट्टीतला. रोजच्यासारखा केला होता. उचलला. "मी म्हटलं, मावशी, आई जेवली का? तिकडून 'हं' आलं. मी म्हटलं, झोपली का? 'हं'. मले वाटलं तुमच्या तोंडात घास असंल. मी म्हटलं, मी शनिवारी येऊन राहिली, तिले सांगा. मग काही आलं नाही. पण फोन ठेवला नाही तिकडून. घंटा झाली म्हणून मीच ठेवला."

मिस्ड कॉल का नव्हता, हे मले तेव्हा कळलं.

कडी बाहेरून जशीच्या तशी होती. मोबाईल फ्रिजवर होता, मी ठेवला त्याच जागी. आजीले कूस बदलायले माझे दोन हात लागत. मी हे सारं तिले सांगितलं. बाहेर भाजीवाला ओरडून गेला. कोणी रडलं नाही.

मग ती उठली. देवाजवळचं पान घेतलं, सुरीनं प्लास्टिक चिरलं, कागद बाहेर काढला, उलटा केला अन् पेन माझ्या हातात दिलं. "लिहा. तुमच्या भाषेत." मी मागच्या कोऱ्या बाजूवर ती एक ओळ लिहिली. तिनं वाचली. ती बाजू पुढं करून कागद परत फोटोले टेकवला.

चहा दिला. पण सोबत बसली नाही. निघताना दारापर्यंत आली नाही. पण माझ्या मागं दार लावल्याचा आवाजही आला नाही. कोपऱ्यावर वळून पाहिलं तं उघडंच होतं. मले माफ केलं की नाही, ते मले माहीत नाही. मी विचारलं नाही.

परत येऊन कतरनबाईले सांगितलं. फोनचंही. तिनं वही उघडली नाही, पेन उचललं नाही. उठून भिंतीपाशी गेली अन् पंख्याचं बटण दाबलं. वर्षात पहिल्यांदा. साऱ्या पट्ट्या एकदम फडफडल्या. चिमटे वाजले, लाल-पिवळे-हिरवे दोरे नाचून राहिले, अन् आम्ही दोघी मधे उभ्या. त्यात एक पट्टी हलत नव्हती. कोणती ते मी जवळ जाऊन पाहिलं नाही. चिमटा घट्ट असंल.

महिनाभरात तिचं काम संपलं, ती गेली. तिचं छापील पुस्तक संस्थेत आलं. मी इंग्रजी वाचत नाही, पण जवसाची ती ओळ मराठीत छापलेली सापडली. तिच्याखाली बारीक अक्षरात टीप, तीही मराठीत: 'दोन्ही अर्थ घ्यावेत.' बस, एवढंच. तिचा नंबर माझ्याजवळ आहे. कधी कधी वाटते लावावा. मग वाटते, उचलला अन् नुसतं 'हं' आलं तं?

तं अशी आहे जवस. तुझ्या कामात काय लिहायचं ते लिही, नाव झाक, पण पांढरे दोरे सोडू नको. अन् त्या वह्यांले डेटा नको म्हणू. माझ्यासमोर तं नकोच.

गुडघे आता पार गेले माझे. दिवसभर खाटेवर असते, मान दाराकडे करून. मनवही अजून लिहिते. सकाळी उघडून पाहते, मी न लिहिलेलं काही त्यात आहे का. येशील तं आधी फोन कर. मी उचलला अन् नीट बोलली नाही, नुसतं 'हं' म्हटलं, तं घाबरून ठेवू नको. काय सांगायचं ते सांग, कोणत्या दिवशी येणार ते सांग. पोचंल मले.

पण लवकर ये वं. शनिवारी ये. दाराले कडी नाही. मी वाट पाहून राहिली.